जुलाबाची लस आणि आईवरचा ठपका

माझी थोरली मुलगी नऊ महिन्यांची असताना एका संध्याकाळी तिला अचानक उलट्या सुरू झाल्या. रात्री ताप चढला आणि पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची टाळू खोल गेली होती, जीभ कोरडी पडली होती, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते आणि सकाळपासून लघवी झालेली नव्हती. रुग्णालयात तिला सलाईन लावावे लागले. इतक्या लहान आणि सुकलेल्या हाताची शीर सापडेपर्यंत जो वेळ गेला, तो मी विसरलेले नाही. तीन दिवसांनी ती सावरली. मात्र त्या तीन दिवसांतले सर्वांत जास्त टोचलेले काही असेल, तर तो तिला दाखल करून घेताना मला विचारलेला एक प्रश्न आहे : "बाटल्या नीट उकळत होतात ना?" विचारणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. माहिती लिहून घेताना विचारायच्या प्रश्नांपैकीच तो एक होता. पण त्यानंतर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तोच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारला, आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर देत राहिले की हो, उकळत होते.

ही गोष्ट २००३ सालची आहे. विष्ठेच्या तपासणीत रोटाव्हायरस आढळला, हे मला घरी परतताना कळले. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याविरुद्ध वापरता येईल अशी लस तेव्हा माझ्यासमोर नव्हती. सहा वर्षांनी धाकटा झाला तेव्हा ती होती, आणि तरीही ती देण्याआधी मी चांगलेच दोन आठवडे अडखळले. माझे हे अडखळणे आणि त्यानंतरच्या वर्षांत मैत्रिणी, नात्यातल्या मुली, शेजारच्या नवमाता यांच्याशी झालेले बोलणे यांतून माझे एक मत बनले आहे, आणि ते मांडण्यासाठीच हे लिहीत आहे. या लसीबद्दल बायका ज्या शंका काढतात त्यांतल्या बऱ्याच शंका माहितीने फिटतात. एक मात्र माहितीने फिटत नाही, कारण ती शंका लसीविषयीची नसतेच. बाळाला जुलाब होणे म्हणजे आईने कुठेतरी हयगय करणे, हा समज इतका खोल रुजलेला आहे की जुलाबावरची लस पुढे आली, की आईला ती स्वतःच्या काळजीवर घेतलेला अविश्वास वाटते.

या समजाला एक इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याला दोषही देऊ नये. तान्ह्या मुलांचे जीवघेणे जुलाब नेमके कशाने होतात, हे फार उशिरापर्यंत ठाऊक नव्हते. काही जंतू माहीत होते, पण रुग्णालयात येणाऱ्या बहुसंख्य बाळांच्या विष्ठेत त्यांपैकी काहीच सापडत नसे. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील ऊतीचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि पेशींमध्ये विषाणूचे कण खच्चून भरलेले त्यांना दिसले. त्या कणांचा आकार चाकासारखा होता, म्हणून चाकाला असलेल्या लॅटिन शब्दावरून विषाणूला पुढे रोटाव्हायरस हे नाव मिळाले. म्हणजे त्या वर्षापर्यंत या आजाराला नावच नव्हते. ज्या आजाराला नाव नाही, कारण नाही, त्याचे कारण म्हणून बाळाच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाकडे बोट दाखवले जाणे साहजिक होते, आणि ते माणूस आईच होते. तिचे हात, तिची भांडी, तिचे दूध, तिचे लक्ष या सर्वांची झडती घेतली गेली. विषाणू सापडून अर्धशतक उलटले तरी ती झडती थांबलेली नाही.

वास्तविक हा विषाणू स्वच्छतेला फारसा जुमानत नाही. आजारी बाळाच्या एक ग्रॅम विष्ठेत विषाणूचे अब्जावधी कण असतात, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडण्यासाठी त्यांपैकी शंभराहून कमी कणही पुरतात. खेळण्यावर, दाराच्या कडीवर, पाळण्याच्या कठड्यावर हा विषाणू कित्येक दिवस तग धरून राहतो. लस येण्यापूर्वी श्रीमंत देश असो वा गरीब, पाच वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन जात असे. शुद्ध पाणी आणि साबण यांमुळे जिवाणूंपासून होणारे जुलाब जसे हटले, तसे हे हटले नाहीत. घराघरांत आणि देशादेशांत फरक पडला तो आजार होण्यात नव्हे, तर त्यातून वाचण्यात. जिथे वेळेवर सलाईन मिळाले, जिथे मीठ-साखरेचे द्रावण वेळीच पाजले गेले, तिथली मुले वाचली. २००० सालच्या सुमारास या एका विषाणूमुळे जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ५ लाख मुले दगावत होती, आणि त्यांतील बहुतेक गरीब देशांतील होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१३ मध्ये हा आकडा सुमारे २ लाख १५ हजारांपर्यंत उतरला. त्या सगळ्या मुलांच्या आयांनी हात धुतले नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का?

हे सर्व मला धाकट्याच्या वेळी अर्धेमुर्धे ठाऊक होते, आणि तरीही मी अडखळले. माझी शंका वेगळी होती. लस जिवंत विषाणूची आहे, त्याला दुर्बळ केलेले आहे आणि ती तोंडावाटे द्यायची आहे, एवढे वाचून माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा त्या खोल गेलेल्या टाळूचे चित्र उभे राहिले. ज्या विषाणूने माझ्या एका मुलाला रुग्णालयात नेले, तोच मी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घालायचा, हा विचार सहन होईना. सहा आठवड्यांचे बाळ किती लहान असते, हे फक्त ते हातात धरलेल्या माणसालाच कळते. त्यात बाळंतपणानंतरच्या त्या आठवड्यांत आईला सलग झोप नसते, अंग दुखत असते, दूध पुरते की नाही ही चिंता असते, आणि नेमक्या त्याच काळात तिने हा निर्णय शांतपणे घ्यावा अशी अपेक्षा असते. तिला उगाच घाबरट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

माझी शंका एका परिचारिकेने फेडली. तिने मला घाई केली नाही, हसली नाही. तिने एवढेच समजावले की रोटाव्हायरसचा पहिला संसर्ग बहुधा सर्वांत तीव्र असतो आणि त्यानंतरचे सौम्य होत जातात, कारण आतडे त्याला ओळखू लागते. लसीतला दुर्बळ विषाणू त्या पहिल्या भेटीची जागा घेतो. आतड्याला ओळख पटते, पण बाळाला कोरडे पाडण्याइतके बळ त्याच्यात नसते. खरा विषाणू पुढे कधीतरी येणारच आहे, त्याच्या आधी ही ओळख व्हावी एवढाच लसीचा हेतू आहे. "तुम्हाला विषाणू द्यायचा की नाही, हा प्रश्न नाहीच," ती म्हणाली, "आधी कोणता पोचावा, एवढेच तुमच्या हातात आहे." आजवर या लसीविषयी मी जे काही ऐकले आणि वाचले, त्यात इतके नेमके वाक्य मला दुसरे आढळलेले नाही.

लसीबाबतच्या संकोचाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ त्याची तीन कारणे सांगतात : लसीवर आणि ती देणाऱ्यांवर विश्वास नसणे, आजाराची भीती न वाटणे आणि लस मिळवण्यातली गैरसोय. गैरसोयीबद्दल मी येथे फार लिहीत नाही. ती खरी आहे, आणि अनेक बायकांच्या बाबतीत केवळ तीच खरी असते, पण तिचा इलाज आईच्या मनात नाही, व्यवस्थेच्या हातात आहे. या लसीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त आढळते ते दुसरे कारण. गोवर म्हटले की अंगावरचे पुरळ आठवते, पोलिओ म्हटले की लुळा पाय आठवतो. जुलाब म्हटले की काहीच आठवत नाही, कारण जुलाब सर्वांनाच कधी ना कधी झालेले असतात. "दात येताना होतातच की," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. मोठ्या माणसाचे जुलाब आणि तान्ह्या बाळाचे जुलाब यांत एक मोठा फरक आहे. सहा-सात किलो वजनाच्या शरीरातले पाणी उलटी आणि जुलाब दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाऊ लागले, की एका दिवसात बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो, आणि उलट्या चालू असल्यामुळे तोंडाने दिलेले पोटात टिकत नाही. ज्या बाईने हे पाहिले आहे तिला काही सांगावे लागत नाही. जिने पाहिलेले नाही, तिला केवळ 'तीव्र जुलाब' असे सांगून काहीही सांगितल्यासारखे होत नाही. म्हणून मी आकडे सांगत नाही, तर कोरडी लंगोट आणि पाण्यावाचूनचे रडणे यांचे वर्णन करते.

दुसरी नेहमी येणारी तक्रार अशी की लस दिली आणि तरीही बाळाला जुलाब झाले. ही तक्रार रास्त आहे, आणि ती ऐकून घेण्याऐवजी झटकून टाकणाऱ्यांनीच लसीचे नुकसान केले आहे. जुलाब अनेक विषाणूंमुळे आणि जिवाणूंमुळे होतात. ही लस त्यांपैकी एकाच विषाणूविरुद्ध आहे, आणि तिचे मुख्य काम त्याचा जीवघेणा हल्ला रोखणे हे आहे, प्रत्येक पातळ शी थांबवणे हे नाही. ज्या आईला 'ही जुलाबाची लस आहे' एवढेच सांगितलेले असते, तिला बाळाच्या पहिल्याच जुलाबात आपण फसवले गेलो असे वाटणारच. या लेखाच्या शीर्षकात मीही 'जुलाबाची लस' असेच म्हटले आहे, कारण बायका तिला तसेच म्हणतात, पण आईला समजावून सांगताना तरी हे नाव टाळायला हवे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. समृद्ध देशांत ही लस तीव्र आजारापासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देते असे दिसून आले. जिथे बालमृत्यू जास्त आहेत तिथे हेच प्रमाण साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिले. आतड्यात आधीपासून असलेले इतर संसर्ग, कुपोषण आणि आईकडून बाळाला मिळालेली प्रतिद्रव्ये ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. लस निम्मीच काम करते, मग कशाला, असे एका सुशिक्षित मैत्रिणीने मला विचारले होते. मी तिला म्हटले की जिथे या आजाराने मुले मरतात, तिथे निम्मे मृत्यू टळणे म्हणजे किती, हे मोजून पाहा. प्रमाण कमी असलेल्या ठिकाणीच वाचणारी मुले संख्येने जास्त आहेत.

आईचे दूध हा विषय येथेच येतो. "मी अंगावर पाजते, मग लस कशाला?" हा प्रश्न विचारणारी आई चुकीची नाही. दुधामुळे बाळाला काही संरक्षण मिळते, विशेषतः पहिल्या महिन्यांत, पण ते या विषाणूला पूर्णपणे रोखू शकत नाही. याच्या उलट भीतीही ऐकू येते की दुधातील प्रतिद्रव्ये लसीला मारून टाकतील, म्हणून डोसच्या आधी बाळाला भुकेले ठेवावे. ही भीती संशोधकांनीही गंभीरपणे घेतली होती. वेगवेगळ्या देशांत डोसच्या आगेमागे काही काळ दूध न पाजता तपासून पाहिले गेले, आणि तसे केल्याने लसीचा परिणाम वाढतो असे आढळले नाही. म्हणून डोसच्या आधी आणि नंतर हवे तेव्हा पाजावे. बाळाला विनाकारण रडवणाऱ्या सल्ल्यांपैकी हा एक तरी कायमचा बंद व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता सर्वांत कठीण शंकेकडे येते, कारण ती खरी आहे. या लसीचा आतड्याच्या एका आजाराशी संबंध आहे. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकतो, त्याला वैद्यकीय भाषेत इंटससेप्शन म्हणतात. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये रोटाशील्ड नावाची पहिली लस वापरात आली आणि वर्षभराच्या आतच, बाळांमध्ये या आजाराच्या नोंदी दिसू लागल्याने, तिचा वापर थांबवण्यात आला. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. धोका साधारण दहा हजार बाळांमागे एक एवढा असल्याचा अंदाज होता. त्यानंतरच्या रोटारिक्स आणि रोटाटेक या लसींना मान्यता मिळण्यापूर्वी प्रत्येकीची चाचणी साठ हजारांहून अधिक बाळांवर घेतली गेली, ती मुख्यतः हा एक धोका तपासण्यासाठी. २००६ च्या सुमारास त्या अनेक देशांत वापरात आल्या. पुढे लाखो बाळांच्या नोंदी जमल्यावर काही देशांत याही लसींमुळे अल्पसा धोका असल्याचे दिसले. अमेरिकेत तो वीस हजार ते एक लाख बाळांमागे एक असा मानला जातो. आफ्रिकेतील सात देशांतील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा वाढीव धोका आढळला नाही.

माझ्या ओळखीतल्या काही बायका हा इतिहास वाचून मागे सरतात. मला तो वाचून उलट धीर आला. मोठ्या कष्टाने बनलेली लस केवळ काही मोजक्या नोंदींवरून थांबवली गेली, याचा अर्थ कोणीतरी पाहत होते. मात्र त्या माघारीचा एक दुसरा, दुःखद भागही आहे. दहा हजारांत एक हा धोका जिथे या आजाराने मुले क्वचितच मरतात तिथे न पत्करण्यासारखा होता, पण जिथे ती हजारोंनी मरत होती तिथे हिशेब वेगळा असता, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. पुढची लस येईपर्यंत सहा-सात वर्षे गेली. त्या वर्षांतल्या मुलांच्या आयांना कोणी काहीही विचारले नव्हते.

इंटससेप्शनची लक्षणे लस देतानाच आईला सांगितली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. डोसनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, बाळ थांबून थांबून कळवळून रडू लागले, रडताना पाय पोटाशी घेऊ लागले, वारंवार उलट्या करू लागले किंवा शीमध्ये रक्त आणि शेंबडासारखा चिकट भाग दिसला, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. वेळेवर ओळखल्यास यावर उपचार आहेत. काही आरोग्य कर्मचारी हे सांगायला कचरतात, कारण सांगितले तर आई घाबरेल आणि लसच घेणार नाही असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. लपवलेली गोष्ट आईला दुसरीकडून कळते, तीही मोडतोड होऊन, आणि मग तिला लसीपेक्षा लपवणाऱ्यांची भीती जास्त वाटते. ज्या परिचारिकेने मला ही लक्षणे आपण होऊन सांगितली, तिच्यावर माझा विश्वास अधिक बसला.

याच आजारामुळे या लसीला वयाची मर्यादा आहे, आणि बायकांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते. बाळ थोडे मोठे होऊ द्या, अंगाने भरू द्या, मग देऊ, असे घरातील मोठी माणसे सांगतात आणि आईलाही ते पटते. थांबणे हा सुरक्षित मार्ग वाटतो, जणू थांबल्याने काहीच ठरत नाही. या लसीच्या बाबतीत थांबणे हाच एक निर्णय असतो. आतडे अडकण्याचा हा आजार लस नसतानाही बाळांना होतो, आणि तो पहिल्या वर्षाच्या मधल्या महिन्यांत सर्वाधिक होतो. म्हणून लस त्याआधी, सहा आठवड्यांपासून सुरू करायची असते. काही देशांत पहिला डोस पंधरा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी आणि शेवटचा आठ महिन्यांपर्यंत द्यावा असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ही लस सर्व देशांच्या लसीकरण कार्यक्रमात घ्यावी अशी शिफारस केली आणि २०१३ मध्ये वयाची अट सैल केली, कारण उशिरा येणारी मुलेच बहुधा सर्वांत जास्त धोक्यात असलेली असतात. पण त्या शिफारशीतही पहिला डोस सहा आठवड्यांनंतर शक्य तितक्या लवकर द्यावा असेच म्हटले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही, प्रकृती स्थिर असल्यास, जन्मतारखेपासून मोजलेल्या वयानुसारच लस देतात. अशा बाळांच्या आयांना थांबावेसे सर्वांत जास्त वाटते, आणि त्यांच्या बाळांना रोटाव्हायरसचा आजार झाल्यास तो अधिक जड जाण्याची शक्यता असते. ज्या बाळाला जन्मजात तीव्र प्रतिकारक्षमतेचा अभाव आहे किंवा ज्याला आधी इंटससेप्शन होऊन गेले आहे, त्याला मात्र ही लस देत नाहीत. गरोदरपणी आईला प्रतिकारशक्ती दाबणारी काही औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे.

थेंबांविषयीही दोन शब्द लिहिते. सुई नाही म्हणून आनंदणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि सुई नाही म्हणजे औषध हलके असणार असे समजणाऱ्याही पाहिल्या आहेत. तोंडावाटे देण्याचे कारण असे की विषाणू आतड्यात वाढतो, म्हणून संरक्षणही तिथेच तयार व्हायला हवे. पोलिओचे थेंब दिले आहेत, मग पुन्हा कसले थेंब, असा गोंधळही होतो. ते वेगळे आणि हे वेगळे, एवढे एका वाक्यात सांगणे पुरते, पण ते कोणीतरी सांगावे लागते. लसीत साखर असते, त्यामुळे ती गोड लागते, आणि त्याच दिवशी इंजेक्शनेही द्यायची असतील तर हे थेंब आधी देण्याचा सल्ला दिला जातो, कारण गोडीने बाळाचे दुखणे काहीसे हलके होते. लसीतला विषाणू काही दिवस बाळाच्या शीमधून बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात नीट धुवावेत. घरात कोणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर हे विशेष कटाक्षाने पाळावे.

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलीला दुसरे बाळ झाले. तिच्या थोरल्याला दहाव्या महिन्यात असेच जुलाब होऊन रुग्णालयात ठेवावे लागले होते. तेव्हा त्याला ही लस दिलेली नव्हती. त्यामुळे धाकटीच्या वेळी ती लसीसाठी सर्वांत आधी रांगेत असेल, असे मी गृहीत धरले होते. सहा आठवडे झाले, सात झाले, ती काही ना काही कारण सांगून टाळत होती. मी तिला इंटससेप्शनचे आकडे सांगितले, वयाची मर्यादा सांगितली, परिचारिकेचे ते वाक्यही सांगितले. ती सगळे ऐकत होती आणि मान डोलावत होती. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, मला ते सगळं पटतं. पण या वेळी मी नीट काळजी घेतेय. प्रत्येक गोष्ट दोनदा उकळते. हिला होणार नाही."

माझ्या ध्यानात आले की इतके दिवस मी तिच्याशी लसीबद्दल बोलत होते आणि ती थोरल्याच्या आजाराबद्दल बोलत होती. तिच्या मनात त्या आजाराचा दोष तिने स्वतःच्या नावावर लिहून ठेवला होता, आणि या बाळाच्या बाबतीत ती त्याची भरपाई करत होती. लस दिली असती तर ती भरपाई अपुरी राहिली असती. तिच्या कष्टाने नव्हे, तर चार थेंबांनी बाळ वाचले असे झाले असते.

मग मी तिला आकडे सांगितले नाहीत. माझ्या थोरलीची गोष्ट सांगितली. दाखल करताना मला विचारलेला प्रश्न सांगितला, आणि मी खरोखरच सगळ्या बाटल्या उकळत होते हेही सांगितले. शंभराहून कमी कण पुरतात, ते दाराच्या कडीवरही असतात, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातही असतात, आणि जगातल्या स्वच्छातल्या स्वच्छ घरांतली मुलेही यातून गेली आहेत, हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे त्याच्या वेळी माझं काही चुकलं नव्हतं?"

नव्हते, मी म्हटले. तिला रडू आले. तीन वर्षे ती हा प्रश्न घेऊन फिरत होती, आणि तेवढ्या काळात तिला भेटलेल्या कोणीही, अगदी मीसुद्धा, त्याचे उत्तर तिला दिले नव्हते. दोन दिवसांनी, नवव्या आठवड्यात, तिने मुलीला पहिला डोस दिला. थोडे थेंब ओठांवरून ओघळले, म्हणून ती घाबरली आणि तिने तिथूनच मला फोन केला. मी तिला म्हटले की तिथल्या परिचारिकेलाच विचार, ती सांगेल.